झटके येतात, पण अपस्मार नाही : मेंदूच्या प्रतिमा काय सांगतात?

कल्याण जंक्शन मागे टाकून कर्जतच्या दिशेने निघालेल्या लोहमार्गावर विठ्ठलवाडीनंतर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे एकापाठोपाठ एक लागतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा देण्यात आला आणि त्यातून उल्हासनगर उभे राहिले. शिलाहारकालीन शिवमंदिरासाठी प्रसिद्ध असलेले अंबरनाथ आयुध निर्माणीमुळे व औद्योगिक वसाहतीमुळे कामगारांचे गाव झाले. बदलापूर हे मुंबईत नोकरीस जाणाऱ्या कुटुंबांच्या वस्तीने वाढले. २०११ च्या जनगणनेनुसार या तीन शहरांची एकत्रित लोकसंख्या नऊ लाखांहून अधिक होती आणि त्यानंतर तीत मोठी भर पडली आहे.

शिलाई यंत्रावर, कारखान्यातील पाळीवर किंवा लोकल गाडीच्या गर्दीत दिवस काढणाऱ्या या वस्तीत एखादी व्यक्ती अचानक कोसळली, हातपाय झाडू लागली, की भोवतालची माणसे एकच निष्कर्ष काढतात : ‘फिट आली.’ कोणी नाकाशी कांदा धरतो, कोणी चप्पल. कोणी दातखीळ उघडण्यासाठी चमचा शोधतो. पुढे डॉक्टर होतात, गोळ्या सुरू होतात. गोळ्यांनी गुण आला नाही तर मात्रा वाढते, औषध बदलते, आणि काही घरांत देवऋषीचा उंबरठाही झिजवला जातो.

तथापि असा प्रत्येक झटका अपस्माराचा नसतो. झटक्यांचा एक प्रकार असा आहे की, त्यात माणूस खरोखर कोसळतो, शुद्ध हरपते, अंग थरथरते. परंतु अपस्मारात मेंदूतून जो विद्युत्प्रवाहाचा उद्रेक होतो तो त्यात आढळत नाही. या प्रकारास आज ‘कार्यात्मक झटके’ असे म्हणतात. काही तज्ज्ञ त्यांस ‘विच्छेदनात्मक झटके’ असेही संबोधतात. ते ओळखण्यासाठी आणि त्यांवर योग्य उपचार करण्यासाठी मेंदूच्या प्रतिमाचित्रणाचा कितपत उपयोग होतो, याचा परिचय सामान्य वाचकास असणे अगत्याचे आहे. कारण निदान चुकले, तर त्याची किंमत रुग्णाला आयुष्याच्या कित्येक वर्षांनी मोजावी लागते.

दिसायला सारखे, मुळात वेगळे

मेंदूतील कोट्यवधी पेशी एकमेकींशी सूक्ष्म विद्युत्संकेतांनी बोलतात. अपस्मारात या पेशींचा एखादा समूह अकस्मात आणि एकाच वेळी प्रमाणाबाहेर संकेत पाठवू लागतो. तो उद्रेक मेंदूभर पसरला तर शुद्ध जाते व सर्वांगाला आचके येतात. जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांपैकी बहुसंख्य रुग्णांचे झटके योग्य औषधाने आटोक्यात येतात.

कार्यात्मक झटक्यात तारा शाबूत असतात, पण संदेशांची वाटणी बिघडते. भावना, शरीराची जाणीव, हालचालींवरील ताबा आणि अवधान या चारही कामांची मेंदूत वेगवेगळी जाळी आहेत. एरवी ती एकमेकांशी ताळमेळ राखून चालतात. काही व्यक्तींत विशिष्ट क्षणी हा ताळमेळ सुटतो. जाणीव बाजूला पडते आणि शरीर त्या व्यक्तीच्या इच्छेवाचून हालू लागते. रुग्ण हे मुद्दाम करीत नाही, ही गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे. ज्याप्रमाणे भीतीने छाती धडधडणे किंवा लाजेने चेहरा लाल होणे आपल्या हाती नसते, त्याप्रमाणेच हा झटकाही रुग्णाच्या हाती नसतो.

या झटक्यांच्या रुग्णांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया असल्याचे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत आढळते. परंतु हा केवळ स्त्रियांचा विकार नव्हे. पुरुष, मुले आणि वृद्ध यांनाही तो होतो. काही रुग्णांच्या पूर्वायुष्यात मोठा आघात, छळ वा वियोग असतो. काहींच्या बाबतीत तसे काहीच सापडत नाही. डोक्याला मार, दीर्घ आजार, झोपेची हेळसांड किंवा सततचा ताण यांनंतरही ते सुरू होऊ शकतात. याशिवाय एक गुंतागुंतीची बाब अशी की, कार्यात्मक झटके येणाऱ्या सुमारे पाच रुग्णांपैकी एकाला खरा अपस्मारही असतो. म्हणून ‘हे किंवा ते’ असा सरळ निवाडा करून भागत नाही.

नावांचा प्रवास

हा भेद वैद्यकाला नवा नाही. आपल्या आयुर्वेदात अपस्माराचे स्वतंत्र वर्णन आहे आणि त्याच्याशी साम्य असणाऱ्या ‘अपतंत्रक’ या अवस्थेचेही आहे. प्राचीन ग्रीक वैद्यांनी अशा लक्षणांचा संबंध गर्भाशयाशी जोडला आणि त्यावरूनच ‘हिस्टेरिया’ हा शब्द रूढ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झां-मार्तां शार्को या मज्जाविकारतज्ज्ञाने अशा रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले. पुरुषांनाही हा विकार होतो, हे त्याने आग्रहाने मांडले. सन १८८५-८६ मध्ये सिग्मंड फ्रॉइड याने त्याच्याकडे काही महिने अध्ययन केले आणि त्यानंतर या विकाराचे स्पष्टीकरण मेंदूऐवजी मनाच्या तळाशी शोधण्याची परंपरा सुरू झाली.

त्या परंपरेने रुग्णाची कहाणी ऐकण्यास शिकविले, हा तिचा लाभ. परंतु ‘मज्जातंतूंचा विकार’ आणि ‘मनाचा विकार’ अशी दोन दालने वेगळी झाली, आणि या दोन दालनांच्या मधल्या उंबरठ्यावर रुग्ण उभा राहिला. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात ‘कार्यात्मक मज्जासंस्था लक्षण विकार’ हे नाव स्वीकारण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२२ पासून अंमलात आलेले अकरावे वर्गीकरणही याच दिशेचे आहे. या नावांमागे मेंदूच्या रचनेबरोबर त्याचे कार्यही पाहिले पाहिजे, हा विचार आहे. आणि ते कार्य पाहण्याची साधने आता हाती आली आहेत.

मेंदूत डोकावण्याची साधने

पहिले साधन म्हणजे मेंदूचा विद्युत्आलेख, अर्थात ई.ई.जी. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर याने १९२४ साली मानवी मेंदूतील विद्युत्लहरींची पहिली नोंद केली आणि १९२९ साली ती प्रसिद्ध केली. टाळूवर ठरावीक ठिकाणी तबकड्या चिकटवून हा आलेख घेतात. त्यात वेदना नाही, विजेचा धक्का नाही. मेंदूतून निघणाऱ्या लहरी केवळ नोंदविल्या जातात.

दुसरे साधन सी.टी. स्कॅन. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या ब्रिटिश अभियंत्याने क्ष-किरण आणि संगणक यांची सांगड घालून हे यंत्र सिद्ध केले. लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात १९७१ साली त्यावर पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. या शोधाबद्दल हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूतील रक्तस्राव, मोठी गाठ किंवा कॅल्शियम साठलेले डाग या तपासणीत लवकर दिसतात.

तिसरे साधन एम.आर.आय. यात क्ष-किरण नसतात. शरीरातील पाण्याच्या रेणूंमधील हायड्रोजनचे अणुकेंद्र बलवान चुंबकीय क्षेत्रात विशिष्ट रेडिओलहरींना प्रतिसाद देते आणि त्यावरून प्रतिमा तयार होते. नेहमीच्या यंत्राचे चुंबकीय बल दीड टेस्ला असते; पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या ते सुमारे तीस हजार पट भरते. म्हणूनच आत जाण्यापूर्वी दागिने, किल्ल्या व भ्रमणध्वनी बाहेर ठेवावे लागतात. शरीरात धातूचे उपकरण बसविलेले असेल तर ते आधी सांगणे अत्यावश्यक असते. या तंत्राच्या विकासाबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

अपस्माराच्या तपासणीत एम.आर.आय.चे महत्त्व मोठे आहे. शंखखंडातील पेशींचा ऱ्हास, जन्मजात रचनादोष, जुन्या इजेचा व्रण किंवा लहान गाठ तिच्यात स्पष्ट दिसते. आपल्या देशात आणखी एका कारणाची भर पडते. डुकरांमध्ये आढळणाऱ्या फीतकृमीची अंडी दूषित पाण्यातून वा न धुतलेल्या भाजीपाल्यातून पोटात जातात आणि त्यांची अळी मेंदूत जाऊन बसते. अशा अळीमुळे येणारे झटके भारतात पुष्कळ आढळतात आणि सी.टी. किंवा एम.आर.आय.मध्ये तिची गाठ ओळखता येते.

‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ याचा अर्थ

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कार्यात्मक झटक्यांच्या रुग्णाची एम.आर.आय. तपासणी केली तर ती बहुधा निर्दोष येते. घरातील माणसे हायसे वाटून म्हणतात, ‘रिपोर्ट नॉर्मल आहे.’ पण झटके थांबत नाहीत. मग त्याच वाक्याचा दुसरा अर्थ लावला जातो : ‘मग ही नाटकच करते आहे.’

हा अर्थ शास्त्राच्या दृष्टीने चुकीचा आहे. नेहमीची एम.आर.आय. तपासणी मेंदूची रचना दाखविते. मेंदू त्या क्षणी काय करीत होता, ते ती दाखवीत नाही. घराचा नकाशा पाहून घरात त्या दिवशी भांडण झाले की नाही, हे जसे कळत नाही, तसेच हे आहे. शिवाय अपस्माराच्या अनेक रुग्णांचीही एम.आर.आय. तपासणी निर्दोष येते. झटका नसताना घेतलेला पहिला विद्युत्आलेख अपस्मार असणाऱ्या सुमारे निम्म्या रुग्णांत स्वाभाविक दिसतो. म्हणजे ‘नॉर्मल’ या एका शब्दावरून अपस्मार नाही असे ठरत नाही, आणि रुग्ण खोटे बोलतो असे तर मुळीच ठरत नाही.

याच्या उलट फसगतही संभवते. एखाद्याच्या प्रतिमेत जुना, निरुपद्रवी डाग सापडतो किंवा आलेखात किरकोळ फेरफार दिसतो. त्यावरून अपस्माराचे निदान पक्के मानले जाते आणि वर्षानुवर्षे औषधे चालू राहतात. जर्मनीतील बॉन येथील अपस्मार केंद्राने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पहिल्या झटक्यापासून कार्यात्मक झटक्यांचे निदान होईपर्यंत सरासरी सात वर्षांहून अधिक काळ गेल्याचे आढळले होते. औषधांना दाद देत नाहीत म्हणून मोठ्या अपस्मार केंद्रांकडे पाठविल्या जाणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे वीस ते तीस टक्के रुग्णांचे झटके प्रत्यक्षात कार्यात्मक असतात, असा अनुभव आहे.

या सात वर्षांत घरात काय घडते, याची कल्पना करणे कठीण नाही. अपस्मारावरील गोळ्यांनी गुंगी येते, स्मरण मंदावते, वजन वाढते. सोडियम व्हॅल्प्रोएट हे त्यांपैकी एक प्रभावी औषध. परंतु गरोदरपणी ते घेतल्यास दहापैकी सुमारे एका बालकात जन्मजात व्यंग आढळते. अपस्मार असणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हा धोका तोलून पर्याय निवडावा लागतो. ज्या तरुणीस अपस्मार नाहीच, तिने हा धोका पत्करण्याचे कारण काय? लांबलेला कार्यात्मक झटका अपस्माराचा समजून रुग्णास अतिदक्षता विभागात नेऊन कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवल्याचीही उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नमूद आहेत. यंत्रावरचे काम सुटते, शाळा सुटते, ठरत आलेले लग्न मोडते. अपस्मार हे विवाह रद्द ठरविण्याचे कारण राहू नये म्हणून हिंदू विवाह कायद्यातून १९९९ साली तो उल्लेख वगळण्यात आला. पण कायदा बदलला तरी सोयरिकीच्या बैठकीतील कुजबुज थांबलेली नाही.

कार्य दाखविणारी प्रतिमा

एम.आर.आय.च्या साहाय्याने मेंदूचे कार्य पाहण्याचे साधन १९९० नंतर उपलब्ध झाले. मेंदूचा जो भाग काम करतो, तिकडे प्राणवायूयुक्त रक्ताचा ओघ वाढतो. प्राणवायूयुक्त आणि प्राणवायूविरहित रक्ताचे चुंबकीय गुणधर्म थोडे भिन्न असतात. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा फरक एम.आर.आय. यंत्राने टिपता येतो, हे दाखवून दिले. या तंत्राला ‘फंक्शनल एम.आर.आय.’ असे म्हणतात. त्यात दर दोन-तीन सेकंदांनी मेंदूची प्रतिमा घेतली जाते. कोणते भाग एकाच वेळी जागे होतात आणि एकाच वेळी शांत होतात, हे पाहून कोणाचे कोणाशी दळणवळण आहे, हे ठरविता येते.

या तंत्राने कार्यात्मक झटक्यांचा अभ्यास सुरू झाला आणि काही उद्बोधक गोष्टी पुढे आल्या. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका लहान अभ्यासात अशा रुग्णांची विश्रांतीच्या अवस्थेतील तपासणी निरोगी व्यक्तींशी ताडून पाहिली. भावनांशी निगडित असलेला इन्शुला हा भाग आणि हालचालींचे नियंत्रण करणारे भाग यांतील जोडणी रुग्णांमध्ये अधिक घट्ट असल्याचे त्यात दिसले. याचा सोपा अर्थ असा की, भावनेचा संकेत विचाराच्या चौकीवर न थांबता थेट हालचालीच्या यंत्रणेपर्यंत पोहोचत असावा.

अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रुग्णांना यंत्रात असतानाच गणिते सोडविण्यास देऊन ताण निर्माण करण्यात आला. ताणाला त्यांच्या मेंदूने दिलेला प्रतिसाद निरोगी व्यक्तींपेक्षा वेगळा होता. हातापायांच्या कार्यात्मक विकारांवरील इतर अभ्यासांत भीतीची जाणीव जागी करणारा अमिग्डाला हा भाग व हालचालीची आखणी करणारा भाग यांच्यातील वाढलेले दळणवळण दिसून आले आहे. ‘ही हालचाल मी करीत आहे’ ही जाणीव ज्या भागाशी जोडलेली आहे, त्या शंख आणि पार्श्व खंडांच्या सांध्यावरील क्रियेतही फरक आढळला. ‘माझे हात आपोआप हालत होते, मी काही करीत नव्हते,’ असे रुग्ण सांगतो, तेव्हा त्याच्या बोलण्याला मेंदूत आधार सापडतो, तो असा.

प्रतिमेच्या मर्यादा

या निष्कर्षांवरून कोणी असा समज करून घेऊ नये की, फंक्शनल एम.आर.आय. केली की निदान होते. हे सारे अभ्यास रुग्णांच्या आणि निरोगी व्यक्तींच्या गटांची सरासरी ताडून पाहतात. गटांच्या सरासरीत फरक दिसला म्हणजे समोरच्या एका रुग्णाची प्रतिमा पाहून ‘यास कार्यात्मक झटके आहेत’ असे सांगता येते, असे नाही. अभ्यासांतील रुग्णांची संख्या बहुधा थोडी असते. औषधे, खिन्नता, चिंता व पूर्वीचे आघात यांचाही परिणाम प्रतिमेवर होतो. हा फरक झटक्यांचे कारण आहे की परिणाम, याचा उलगडाही अद्याप पूर्ण झालेला नाही. त्यामुळे या विकाराच्या निदानासाठी फंक्शनल एम.आर.आय. करून घेण्याचा आग्रह कोणी धरला, तर कुटुंबाने तो खर्च करण्यापूर्वी मज्जाविकारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

आजमितीस प्रतिमाचित्रणाचे काम दुहेरी आहे. नेहमीच्या एम.आर.आय.ने दुसरा आजार नाही ना, याची खात्री करावयाची. आणि संशोधनातील प्रतिमांनी हा विकार कसा घडतो, हे समजून घ्यावयाचे. त्या समजुतीचा लाभ उपचारांना होतो, तो पुढे पाहू.

निदान कसे होते?

कार्यात्मक झटक्यांच्या निदानाची सर्वांत भरवशाची तपासणी म्हणजे व्हिडिओ ई.ई.जी. रुग्णास काही तास किंवा काही दिवस निरीक्षणाखाली ठेवून विद्युत्आलेख आणि चित्रीकरण एकाच वेळी चालू ठेवतात. नेहमीसारखा झटका आला, आणि त्या वेळी आलेखात अपस्माराचा उद्रेक दिसला नाही, तर तज्ज्ञ रुग्णाचा इतिहास व झटक्याचे स्वरूप यांची सांगड घालून निदान करतात. मुंबईतील के.ई.एम. रुग्णालयासारख्या मोठ्या अध्यापन रुग्णालयांतील मज्जाविकार विभागांकडे अशा तपासणीसाठी जाता येते.

झटक्याचे स्वरूप फार काही सांगून जाते. अपस्माराच्या मोठ्या झटक्यात डोळे बहुधा उघडे असतात, झटका बहुतेक वेळा दोन मिनिटांच्या आत ओसरतो, जिभेच्या कडेला चावा बसू शकतो आणि नंतर घोरल्यासारखा श्वास चालतो. कार्यात्मक झटक्यात डोळे पुष्कळदा घट्ट मिटलेले असतात, डोके एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस हालते, आचक्यांचा जोर कमी-अधिक होत राहतो, झटका लांबतो आणि काही वेळा रुग्ण रडू लागतो. परंतु यांपैकी कोणतेही एक लक्षण पुरेसे नसते आणि घरच्या माणसांनी त्यावरून निर्णय करावयाचा नसतो. त्यांनी पाहिलेले जसेच्या तसे डॉक्टरांना सांगावयाचे असते.

येथे साध्या भ्रमणध्वनीचा मोठा उपयोग होतो. रुग्ण सुरक्षित आहे याची खात्री करून जवळच्या माणसाने झटक्याचे चित्रीकरण केले, तर बदलापूरच्या घरात रात्री दहा वाजता आलेला झटका परळच्या तज्ज्ञास दुसऱ्या दिवशी पाहता येतो. अमेरिकेतील अपस्मार केंद्रांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा चित्रफितींवरून तज्ज्ञांचे अनुमान बहुसंख्य वेळा व्हिडिओ ई.ई.जी.शी जुळले. चेहरा, डोळे व चारही हातपाय दिसतील असे चित्रीकरण करावे. ते फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरांस दाखवावे; इतरांना पाठविणे हा रुग्णाच्या प्रतिष्ठेवरील आघात ठरतो.

व्हिडिओ ई.ई.जी. सर्वत्र उपलब्ध नसते, हे लक्षात घेऊन आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाच्या तज्ज्ञगटाने २०१३ साली निदानाच्या खात्रीच्या चार पायऱ्या सुचविल्या. साक्षीदाराचे वर्णन, डॉक्टरांनी प्रत्यक्ष वा चित्रफितीत पाहिलेला झटका आणि विद्युत्आलेख यांच्या आधारे ‘शक्य’पासून ‘सिद्ध’पर्यंत ही वाटचाल होते. लहान शहरांतील डॉक्टरांनाही हा मार्ग अनुसरता येण्याजोगा आहे.

उपचाराची दिशा

उपचाराचा आरंभ निदान समजावून सांगण्यापासून होतो. ‘तुम्हाला काहीही झालेले नाही’ हे वाक्य रुग्णाला औषधाहून अधिक दुखावते. ‘तुमचे झटके खरे आहेत. ते अपस्माराचे नाहीत. हा विकार पुष्कळांना होतो आणि त्यावर उपचार आहेत,’ असे शांतपणे सांगितले, तर काही रुग्णांचे झटके तेवढ्यानेच कमी होतात. मेंदूच्या प्रतिमांनी दिलेले ज्ञान येथे कामी येते. रचना चांगली आहे, पण भावना आणि हालचाल यांच्यातील दळणवळण बिघडले आहे, हे स्पष्टीकरण रुग्णाला पटते. त्याच्यावरील खोटेपणाचा ठपका त्याने पुसला जातो.

दुसरा टप्पा मानसोपचाराचा. बोधात्मक वर्तनोपचारात रुग्ण झटक्यापूर्वीची चिन्हे ओळखण्यास शिकतो : छातीत धडधड, दृष्टीसमोर अंधारी, बधिरपणा, सारे दूर गेल्यासारखे वाटणे. ती दिसताच पाय जमिनीवर टेकवून भोवतालच्या पाच वस्तू मोजणे, श्वास लांबविणे, थंड वस्तू हातात धरणे अशा उपायांनी लक्ष शरीराकडून परिसराकडे वळविले जाते. झटक्याच्या भीतीने टाळलेली कामे हळूहळू पुन्हा सुरू केली जातात. ब्रिटनमध्ये ३६८ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. वर्षअखेरीस झटक्यांच्या मासिक संख्येत, या उपचाराची जोड मिळालेला गट आणि केवळ प्रमाणित वैद्यकीय देखभाल मिळालेला गट यांत निर्णायक फरक दिसला नाही. मात्र झटक्यांविना गेलेला सर्वांत लांब काळ, झटक्यांचा जाच आणि दैनंदिन कामकाज या बाबतींत मानसोपचार घेतलेल्यांची स्थिती अधिक चांगली होती. म्हणजे हा उपचार जादूची कांडी नव्हे. पण रुग्णाला त्याचे आयुष्य परत मिळवून देण्याची शक्ती त्यात आहे.

तिसरा टप्पा औषधांचा. अपस्मार नाही असे निश्चित झाल्यावर त्यावरील गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी करण्यात येतात. या गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करणे अत्यंत धोक्याचे आहे. अपस्मारही असल्यास त्यामुळे प्राणघातक झटके येऊ शकतात. खिन्नता वा चिंता सोबत असेल तर तिच्यावर निराळे उपचार करावे लागतात. हा विकार किरकोळ मानून सोडून देणेही योग्य नाही. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील २०२० च्या अभ्यासात अशा रुग्णांचे मृत्युप्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सुमारे अडीच पट आढळले होते.

झटका आला असता

झटका कोणत्या प्रकारचा आहे, हे बघणाऱ्याला त्या क्षणी ठरविता येत नाही. म्हणून प्रथमोपचार दोन्ही प्रकारांत सारखेच करावेत.

रुग्णाजवळील यंत्र, स्टोव्ह, धारदार वस्तू दूर कराव्यात. फलाटावर असल्यास त्यास रुळांच्या बाजूपासून दूर न्यावे. डोक्याखाली मऊ वस्तू ठेवून, शक्य होताच त्यास कुशीवर वळवावे. घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, पाणी किंवा औषध घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. कांदा वा चप्पल हुंगविण्याचा काहीही उपयोग नाही. त्यात केवळ अवमान आहे. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, लागोपाठ दुसरा आला, श्वासास अडथळा झाला, इजा झाली, किंवा रुग्ण गरोदर असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

‘अंगात आले’ किंवा ‘बाहेरची बाधा झाली’ असे म्हणून रुग्णास मारहाण करणे, चटके देणे, साखळीने बांधणे हे प्रकार महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमान्वये दंडनीय अपराध आहेत. श्रद्धेचा आधार घेण्यास कोणाची हरकत नाही. पण उपचार थांबवून रुग्णाचे हाल करण्यास कायद्याने आणि माणुसकीने मज्जाव केलेला आहे.

मदतीची ठिकाणे

उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय आणि बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय ही या पट्ट्यातील शासकीय आरोग्यसेवेची जवळची दारे आहेत. तेथून पुढील तपासणीसाठी चिठ्ठी घेऊन मुंबईच्या अध्यापन रुग्णालयांत जाता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत अंबरनाथच्या महाविद्यालयाचा समावेश आहे. वैद्यकीय महाविद्यालयासोबत कालांतराने विशेषज्ञांची सेवा वाढते; त्यामुळे बदलापूरहून सुमारे अडुसष्ट किलोमीटर अंतरावरील मुंबई गाठण्याची येथील रुग्णांची दगदग पुढे कमी होण्यास वाव आहे.

मानसिक आरोग्यासाठी ठाणे येथील शासकीय मनोरुग्णालय ही जिल्ह्यातील जुनी संस्था आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या विनाशुल्क क्रमांकावर मराठीतूनही समुपदेशन मिळते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये शासकीय यंत्रणेकडून मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण द्यावे, अशी तरतूदही त्यात आहे.

या विषयाचा सारांश एका वाक्यात सांगता येईल : प्रतिमा निर्दोष आली म्हणजे रुग्ण दोषी ठरत नाही. कारखान्यातील मुकादम, शाळेतील शिक्षक, दवाखान्यातील परिचारिका, घरातील सासू-सासरे आणि शेजारी यांनी एवढे जाणले, तरी सात वर्षांचा वनवास पुष्कळ कमी होऊ शकेल. औषधे घेऊनही झटके थांबत नसतील, तर ‘हा अपस्मारच आहे ना?’ हा प्रश्न कुटुंबाने डॉक्टरांना निःसंकोचपणे विचारावा, झटक्याची चित्रफीत सोबत न्यावी आणि मिळालेले उत्तर धीराने ऐकावे.